दात न काढता जागा येते कुठून?

एका आईने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेअकरा वर्षांची. वरचा डावा सुळा हिरडीत उंचावर उगवलाय, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. एका ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, मापं घेऊन वरच्या कमानीत (दातांच्या रांगेत) 6 मि.मी. आणि खालच्या पुढच्या दातांत 4 मि.मी. जागा कमी असल्याचं लिहून दिलं आणि चार उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढांच्या मधले दात, काढायला सांगितल्या. दुसऱ्यांनी सांगितलं, एकही दात काढायचा नाही, जबडा रुंद करू. मुलगी सात वर्षांची असताना वरची डावी दुधाची दाढ किडली म्हणून काढली होती. खालच्या दोन्ही शेवटच्या दुधाच्या दाढा अजून पक्क्या आहेत. शिवाय आईचं वय 38, त्यांचेही खालचे दात जवळपास 3 मि.मी.ने दाटलेत आणि अलायनर (दात सरळ करणाऱ्या पारदर्शक क्लिपा) लावायचे तर ‘दात घासावे लागतील’, म्हणजे कडेने किंचित झिजवावे लागतील, हे ऐकून त्या धास्तावल्यात.

ताई, तुम्ही मापं आणि जुना इतिहास दोन्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. त्यामुळे नेमकं बोलता येतं. एक्स-रे आणि चेहरा प्रत्यक्ष न पाहता कोणी अंतिम निर्णय देऊ नये, मीही देत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून मुलीचे दात न काढता काम होण्याची शक्यता बरीच दिसते. मात्र ती ‘जबडा रुंद करू’ या एका वाक्यातून होणार नाही. आणि यातली एक गोष्ट वेळेशी बांधलेली आहे, ती हातची जाऊ देऊ नका.

आधी काढण्याचा हिशेब बघू. उपदाढ साधारण 7 मि.मी. रुंद असते. एका जबड्यातल्या दोन काढल्या की 14 मि.मी. जागा मिळते. तुमच्या मुलीला खाली 4 मि.मी. हवेत. उरलेले 10 मि.मी. कुठे तरी संपवावे लागतात: पुढचे दात मागे ओढून किंवा दाढा पुढे आणून. ओठ मिटत नसतील, दात पुढे आलेले असतील तर हे मागे ओढणंच आपल्याला हवं असतं, तिथे उपदाढा काढणं हा उत्तम उपचार आहे. पण चेहरा सरळ, ओठ सहज मिटणारे असतील तर इतकी जागा घेऊन करायचं काय? ढोबळमानाने 4 मि.मी.पर्यंतच्या दाटीला सहसा दात काढावे लागत नाहीत, 10 मि.मी.च्या पुढे बहुतेक वेळा काढावेच लागतात. मधल्या पट्ट्यात चेहरा, ओठ, हाड आणि हिरडी काय सांगते त्यावर ठरतं. तुमची मुलगी त्या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून दोन प्रामाणिक डॉक्टरांची दोन मतं पडली यात काही आश्चर्य नाही.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक एडवर्ड अँगल यांचा आग्रह असा की बत्तीसच्या बत्तीस दात ठेवूनच तोंड नीट बसवायचं. 1911 मध्ये अमेरिकेत कॅल्व्हिन केस यांनी त्याला जाहीर विरोध केला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं की दात न काढता केलेल्या आपल्या कितीतरी रुग्णांचे दात पुन्हा वाकडे झालेत, ओठ पुढे आलेत. त्यांनी त्या रुग्णांवर उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि 1940 मध्ये ते लोकांसमोर मांडले. नंतर लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरतच राहिला. यातून माझ्यापुरतं मी घेतलेलं सूत्र एवढंच: ‘दात काढायचे की नाही’ या प्रश्नापासून सुरुवात करायची नाही. किती मिलिमीटर हवेत आणि ते कुठून येणार, हे आधी कागदावर मांडायचं. प्रत्येक मिलिमीटरचा पत्ता सांगता आला तरच दात न काढण्याचा शब्द द्यायचा.

आता तुमच्या मुलीचा खालचा जबडा. इथे निसर्गाने एक ठेव ठेवलेली असते. शेवटची दुधाची दाढ रुंदीला जवळपास 10 मि.मी. असते. ती पडल्यावर तिच्या जागी येणारी दुसरी उपदाढ साडेसात मि.मी.च्या आसपास. म्हणजे एकेका बाजूला दोन ते अडीच मि.मी. मोकळे होतात. पण ही जागा फार दिवस मोकळी राहत नाही. दुधाची दाढ पडली की मागची कायमची दाढ हळूहळू पुढे सरकते आणि काही महिन्यांत ती जागा गिळून टाकते. पुढच्या वाकड्या दातांच्या वाट्याला काही येत नाही.

हे थांबवायला लागते फक्त एक तार. खालच्या दोन्ही कायमच्या दाढांवर बँड, म्हणजे धातूच्या कड्या, बसवतात आणि साधारण 0.9 मि.मी. जाडीची स्टीलची तार एका दाढेपासून निघून पुढच्या दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने फिरून दुसऱ्या दाढेला जोडतात. तिला लिंग्वल आर्च म्हणतात. ती दात हलवत नाही, दाढांना फक्त पुढे येऊ देत नाही. दोन-चार दिवस जिभेला खुपते, बोलताना ‘स’ जरा अडखळतो, मग मूल विसरून जातं. चिक्की, ऊस, चिकट चॉकलेट बंद, कारण बँड सुटतो. एवढ्यावर खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून 4 मि.मी.च्या आसपास जागा पुढच्या दातांसाठी वापरता येते. तुमच्या मुलीची गरज तेवढीच आहे. म्हणून म्हटलं, वेळ महत्त्वाची. या दोन दाढा पडण्याआधी ही तार तोंडात हवी.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. पहिली, ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये या दुधाच्या दाढांखाली कायमच्या उपदाढा आहेत ना. काही मुलांमध्ये नेमकी ही दुसरी उपदाढ जन्मतःच नसते, मग सगळा आराखडा बदलतो. दुसरी, ते 4 मि.मी. नेमके कसे मोजले. नुसत्या दिसणाऱ्या पुढच्या दातांची दाटी मोजली असेल तर मागची ठेव अजून शिल्लक आहे. पण न उगवलेल्या दातांच्या अंदाजासकट पूर्ण कमान दाढेपासून दाढेपर्यंत मोजली असेल तर ती ठेव हिशेबात आधीच धरलेली असते आणि 4 मि.मी. ही त्यानंतरची तूट असते. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, ते सांगतील.

वरच्या जबड्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिचं मूळ तुम्हीच लिहिलंय. सातव्या वर्षी डावी दुधाची दाढ काढली तेव्हा तिथे जागा धरून ठेवणारी क्लिप, म्हणजे स्पेस मेंटेनर, बसवली नसावी. मागची कायमची दाढ तेव्हा नुकतीच आलेली असते. पुढे अडवायला कोणी नाही म्हटल्यावर ती पुढे कलते आणि टाळूकडच्या मुळाभोवती गरकन फिरतेही. वरचा सुळा उशिरा, साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतो. तो येईपर्यंत डावीकडची जागा भरून गेलेली असते, म्हणून बिचारा उंचावर, हिरडीतून बाहेर येतो. लोक त्याला ‘दातावर दात’ म्हणतात. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे, काढून टाका’ हे वाक्य ऐकणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी यातून एवढं घ्यावं की दुधाची दाढ काढावी लागली तर त्याच वेळी जागेचं काय, हे विचारायचं.

म्हणजे वरच्या 6 मि.मी.मधला मोठा भाग ही नवी जागा नाही, गमावलेली जागा आहे. ती परत मिळवायची तर डावी दाढ मागे न्यायची. टाळूवर ऍक्रिलिकचं बटण टेकवून त्यातून निघणाऱ्या स्प्रिंगने दाढ मागे ढकलता येते. पेंड्युलम म्हणून हे उपकरण जेम्स हिल्गर्स यांनी 1992 मध्ये मांडलं. डोक्यावरून पट्टा बांधायचं हेडगिअर त्याहून जुनं आणि परिणामकारक, पण आजची मुलं ते रोज रात्री बारा तास घालतील या भरवशावर मी आराखडा आखत नाही. मोठ्या मुलांमध्ये आणि प्रौढांमध्ये टायटॅनियमचे बारीक स्क्रू हाडात बसवून त्यांच्या आधाराने दाढा मागे ओढतात. साडेअकराव्या वर्षी हाड कोवळं असतं, दातांच्या मधल्या जागेत बसवलेले स्क्रू सैल होण्याचं प्रमाण जास्त, म्हणून मी या वयात शक्यतो टाळूचा आधार घेतो.

एक लक्षात ठेवा, दाढ मागे ढकलली की तेवढाच उलटा जोर पुढच्या दातांवर येतो. दाढ 3 मि.मी. मागे गेली आणि पुढचे दात 2 मि.मी. पुढे आले तर पदरात फारसं पडलं नाही. म्हणून आधार कशाचा घेणार, हा प्रश्न विचारायलाच हवा. बारा वर्षांच्या सुमारास दुसरी कायमची दाढ येते. ती यायच्या आधी पहिली मागे न्यायला सोपं जातं, नंतर दोन दाढा एकदम हलवाव्या लागतात. इथेही मुलीचं वय तुमच्या बाजूने आहे. डावीकडे कललेली आणि फिरलेली दाढ सरळ करून मागे नेली की 3 मि.मी., कधी जास्तही मिळतात. उजवी दाढ थोडी फिरलेली असेल तर ती सरळ केल्यावर आणखी एक मि.मी. फिरलेली दाढ तिरकी उभी असल्याने कमानीत जास्त लांबी खाते, हे साधं भूमितीचं गणित आहे.

राहिले दोन. इथे रुंदीकरणाचा विचार येतो.

लहान वयात टाळूच्या मध्यभागी, पुढून मागे गेलेली एक शिवण असते. तिथे वरच्या जबड्याची दोन हाडं एकमेकांना लागून असतात पण पूर्ण जुळलेली नसतात. दाढांना बँडने पकडून टाळूवर मधोमध एक स्क्रू बसवतात. बारीक चावी स्क्रूच्या छिद्रात घालून पुढून मागे, घशाच्या दिशेने, पुढचं छिद्र दिसेपर्यंत फिरवायची. एका वेळी पाव मि.मी. दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टर सांगतील तसं, आणि हे घरी आईवडिलांनीच करायचं असतं. चावीला डेंटल फ्लॉस किंवा जाड दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळा, म्हणजे हातातून निसटली तरी घशात जाणार नाही. फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवतो, पाच-दहा मिनिटांत कमी होतो. आठवडा-दीड आठवड्यात पुढच्या दोन दातांच्या मधे फट दिसू लागते. आईवडील घाबरून फोन करतात, पण ती फट म्हणजे शिवण खरोखर उघडल्याची खूण. पुढे ती बरीचशी आपोआप मिटते. हवी तेवढी रुंदी झाली की स्क्रू बांधून टाकतात आणि मधल्या जागेत हाड भरेपर्यंत उपकरण तीन ते सहा महिने तसंच ठेवतात. इमर्सन एंजल यांनी हा प्रयोग 1860 मध्ये छापला होता आणि अँड्र्यू हास यांनी 1961 मध्ये तो पुन्हा भक्कम पायावर उभा केला. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही.

पण यातून जागा किती मिळते? उपदाढांच्या रेषेत कमान 1 मि.मी. रुंद केली तर कमानीची लांबी सुमारे 0.7 मि.मी. वाढते. 3 मि.मी. रुंदीला दोन मि.मी. मिळाले. तुमच्या मुलीची तूट यात भरून निघते. मात्र माझं मत ठाम आहे: वरचा जबडा खरोखर अरुंद असेल, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील तरच रुंद करायचा. रुंदी मुळात बरोबर असताना निव्वळ दाटी सोडवायला दाढा बाहेर ढकलल्या तर त्या खालच्या दाढांवरून बाहेर लटकतात आणि बाहेरचं पातळ हाड झिजतं. मुलींमध्ये चौदा-पंधराच्या पुढे ही शिवण घट्ट होत जाते. मग टाळूत स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेची मदत घेऊन करावं लागतं.

आणि खालचा जबडा? त्याला अशी शिवण उरलेलीच नसते. जन्मानंतर पहिल्या वर्षातच ती हाडाने जुळून जाते. म्हणून कोणी ‘दोन्ही जबडे रुंद करू’ म्हणालं तर समजा की खाली फक्त दात बाहेर कलणार आहेत, जबडा नाही. त्यातही खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर वाढवलं तर ते टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत परत येतं.

अजून एक जागा आहे, जी बऱ्याचदा न सांगताच घेतली जाते. पुढचे दात 1 मि.मी. पुढे कलवले की कमानीत 2 मि.मी. मिळतात, दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे 4 मि.मी.ची दाटी काहीही विशेष न करता नुसत्या ब्रेसेस लावल्या तरी सुटते, दात 2 मि.मी. पुढे येऊन. आत कललेले दात असतील तर हेच योग्य. पण आधीच पुढे असलेल्या दातांना आणखी पुढे नेलं तर ओठ मिटायला जोर लागतो, हनुवटीवर सुरकुत्या पडतात, आणि खालच्या पुढच्या दातांवरची पातळ हिरडी खाली सरकू लागते. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. दात न काढता केलेले जे उपचार मला वाईट वाटायला लावतात, त्यांतले बहुतेक असे असतात. दात ओळीत, फोटोत छान, आणि मुलीला तोंड मिटता येत नाही. म्हणून लॅटरल सेफॅलोग्राम, म्हणजे चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे, पाहिल्याशिवाय कोणी ‘काढायची गरज नाही’ म्हणत असेल तर थांबा.

तुमच्या मुलीचे ओठ विश्रांतीत सहज मिटतात का, हे घरीच बघा. ती टीव्ही पाहत असताना, तिला न सांगता. मिटत असतील तर वरचा सगळा हिशेब लागू. मिटत नसतील, दात पुढे असतील, तर पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं आणि ते मनापासून ऐकावं. उपदाढा काढल्याने चेहरा बसतो, श्वासनलिका अरुंद होऊन झोपेत घोरणं लागतं, असं मोबाइलवर फिरतं. चुकीच्या रुग्णात काढल्या तर ओठ सपाट दिसतात हे खरं. योग्य रुग्णात तसं होत नाही. आणि दात काढल्याने झोपेत श्वास अडण्याचा आजार होतो, या दाव्याला पुराव्याचा आधार नाही, असं अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने 2019 मध्येच स्पष्ट केलंय.

उलट बाजूची एक गोष्टही सांगतो. प्रौढांमध्ये दाढा मागे न्यायच्या तर बऱ्याचदा मागच्या अक्कलदाढा काढाव्या लागतात. ‘एकही दात न काढता’ असं ऐकून आलेल्या माणसाला हे नंतर कळतं आणि फसवल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आता तुमचे स्वतःचे दात. 38व्या वर्षी 3 मि.मी.ची दाटी हे दात न काढता, कडा किंचित घासून करायचं अगदी योग्य काम आहे. घासणं म्हणजे काय ते कळलं की भीती जाईल. दोन दातांच्या मधे हिऱ्याची भुकटी लावलेली पातळ धातूची पट्टी घालून पुढेमागे करतात. खरखर आवाज येतो, हिरडीला जरा टोचतं, पण भूल द्यावी लागत नाही. मग जाडीच्या ठरावीक पट्ट्या घालून नेमकी किती फट झाली ते मोजतात, कड गुळगुळीत करतात आणि फ्लोराइड लावतात. खालचे सहा पुढचे दात आणि त्यांना लागून असलेल्या उपदाढा मिळून सात सांधे होतात. प्रत्येक सांध्यात 0.3 मि.मी. घेतले, म्हणजे दाताच्या एका कडेवरून 0.15, तर 2.1 मि.मी. मिळतात. उरलेला एक मि.मी. दात अर्धा मि.मी. पुढे कलून येतो. 0.15 मि.मी. म्हणजे छपाईच्या साध्या कागदाची दीड-दोन पानं. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, त्या जागी याच्या कितीतरी पट जाड असतं, आणि निम्म्याहून जास्त कधीच घ्यायचं नसतं. नॉर्वेच्या ब्यॉर्न झाक्रिसन यांनी असे घासलेले खालचे पुढचे दात दहा वर्षांहून अधिक काळानंतर तपासून 2007 मध्ये निष्कर्ष छापले. त्या दातांत कीड वाढलेली आढळली नाही. फक्त आधी हिरड्यांची तपासणी आणि सफाई करून घ्या. हिरडीचा आजार चालू असताना दात हलवायचे नाहीत.

अजून एक फायदा आहे. तुमच्या वयात दात सरळ झाले की मुळांपाशी काळे त्रिकोण दिसू लागतात, विशेषतः दात वर रुंद आणि खाली निमुळते असतील तर. कडा घासल्याने दात एकमेकांना अधिक लांबीवर चिकटतात आणि ते त्रिकोण लहान होतात.

दोघींनाही लागू असलेली गोष्ट म्हणजे रिटेनर, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारी तार किंवा क्लिप. सिअ‍ॅटलमध्ये रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेले रुग्ण रिटेनर बंद झाल्यावर दहा वर्षांनी पाहिले, तर जवळपास दोनतृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांत पुन्हा नको इतकी दाटी झालेली होती. म्हणजे दात काढले म्हणून निकाल कायमचा होतो हाही गैरसमजच. खालच्या सहा दातांच्या मागे चिकटवलेली तार आणि वर रात्रीची पारदर्शक क्लिप, ही मी वर्षानुवर्षं ठेवायला सांगतो.

पुढच्या भेटीत दोन्ही डॉक्टरांकडून एकच गोष्ट लिहून मागा: वर 6 आणि खाली 4, यातला प्रत्येक मिलिमीटर कुठून येणार आणि शेवटी पुढचे दात आजच्या तुलनेत किती पुढे किंवा मागे असतील. ज्यांचं उत्तर नीट जुळतं त्यांच्याकडे जा, मग ते काढा म्हणोत की नका म्हणोत. आणि त्याआधीच खालच्या दुधाच्या दाढांपैकी एक जरी हलायला लागली, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात मुलीला घेऊन जा आणि लिंग्वल आर्चचं विचारा.